दोन रांगा उरल्या होत्या

पत्र रावेर तालुक्यातून आलं आहे. लिहिणारी पंचविशीच्या आतली, घरी केळीचा मळा, आणि ती मुंबईहून उडणाऱ्या एका विमान कंपनीत केबिन क्रू. मे महिन्यात एके दुपारी विमान उतरणीला लागलेलं असताना सीटबेल्टची साइन लागली. ती मागच्या बाजूला ट्रे आणि कप गोळा करत होती. सिनियर म्हणाली, "दोनच रांगा उरल्यात, उरकून घे." त्या दोन रांगांतच झटका बसला. ती वर उचलली गेली, डोकं छताला लागलं, खाली येताना पाय ट्रॉलीपाशी मुडपला आणि घोट्याचं हाड मोडलं. आता प्लॅस्टर निघालं आहे, ती गावी आहे. घरी सांगितलंय की मुंबईला रूमच्या जिन्यावरून पडले. खरं कळलं तर वडील नोकरी सोडायला लावतील, अशी भीती. आई तशीही म्हणतेच, "आता कशाले जाते परत?" एक स्थळ आलं आहे, त्यांनाही ही नोकरी नको आहे. जळगावला ग्राउंडची नोकरी लावून देतो असं एक ओळखीचे म्हणतात. कंपनीतून फोन येतात, फिटनेसला कधी येतेस म्हणून. रात्री मात्र पलंग खाली गेल्यासारखा वाटून ती दचकून उठते. तिचे प्रश्न तीन: चूक माझीच होती का, परत जाऊ की नको, आणि घरी सांगू का. शेवटी एक ओळ: "मावशी, इतकं घाबरणारीने या नोकरीत राहूच नये ना?"

बेटा,

शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. घाबरणारीने राहू नये, हे तुला कोणी सांगितलं? डोकं आपटलं, हाड मोडलं, त्यानंतर शरीर दचकतंय, यात नवल काय? तू धीट की भित्री यावर तुझा निर्णय ठरणार नाही. तुझ्या पत्रातली खरी गोष्ट दुसरीकडेच आहे, आणि ती तू एका ओळीत उरकून पुढे निघून गेलीस. साइन लागली होती आणि दोन रांगा उरल्या होत्या.

आधी त्या झटक्याबद्दल थोडं, कारण तुझ्या पत्रात "विमान कोसळलं" असा शब्द तीनदा आला आहे. मे महिन्यातलं आपलं ऊन तुला सांगायला नको. जमीन तापते, हवा वर उसळते, दुपारनंतर ढगांचे डोंगर उभे राहतात. तेच वादळ खाली आलं की केळीच्या बागा आडव्या करून जातं. त्या ढगांच्या आत आणि आसपास हवेचे लोट जोरात वर-खाली वाहत असतात. पावसाचे थेंब असलेला ढग पायलटच्या रडारवर दिसतो, म्हणून बहुतेक वेळा वळसा घालता येतो. निरभ्र हवेतला हेलकावा मात्र रडारला दिसत नाही, कारण तिथे थेंबच नसतात. अशा वेळी पायलटलाही तो आपल्याबरोबरच कळतो.

आणि माणूस छताला लागतो तो असा. विमान एकदम खाली जातं, बेल्ट न लावलेला माणूस तिथेच राहतो, छत त्याच्याकडे येतं. पुढच्या क्षणी विमान सावरतं आणि माणूस जमिनीवर आदळतो. तुझं डोकं आणि तुझा घोटा, दोन्हींचा हिशेब लागला? त्यात विमानाला काही झालं नव्हतं. प्रवासी विमानाची रचना उड्डाणात अपेक्षित असलेल्या मोठ्यात मोठ्या भाराच्या दीडपट भार सोसेल अशी करावी लागते. विमान टिकतं. आतली उभी माणसं मोडतात.

लंडनहून सिंगापूरला निघालेलं सिंगापूर एअरलाइन्सचं विमान 21 मे 2024 ला म्यानमारवरून जाताना असंच सापडलं. एक प्रवासी दगावला, कित्येक जखमी झाले, विमान बँकॉकला उतरवलं. बातम्यांत आधी सहा हजार फूट कोसळल्याचं सांगत होते. नंतर सिंगापूरच्या तपास यंत्रणेने विमानातल्या नोंदींवरून क्रम मांडला, तो तू नीट वाच, कारण तुझ्या कामाचं सगळं त्यात आहे. आधी विमान थरथरू लागलं. अकरा सेकंदांनी पायलट म्हणाला की साइन लावली आहे. त्यानंतर आठ सेकंदांनी झटका. अंगावरचा भार (1 जी म्हणजे आपलं नेहमीचं वजन) 0.6 सेकंदात अधिक 1.35 जीवरून उणे 1.5 जीवर गेला, म्हणजे न बांधलेलं सगळं हवेत. पुढच्या 4 सेकंदांत तो परत अधिक 1.5 जी झाला, म्हणजे हवेतलं सगळं खाली. या साऱ्यात विमान खाली गेलं ते 178 फूट.

आता ते आठ सेकंद घेऊन तुझ्या मागच्या गॅलीत, म्हणजे खाण्यापिण्याचं सामान ठेवतात त्या कोपऱ्यात, ये. ट्रॉली भरलेली, गल्लीत दोन्ही बाजूंनी कप पुढे करणारे हात. तेवढ्यात ट्रॉली मागे न्यायची, जागेवर लॉक करायची, जम्पसीट, म्हणजे क्रूची घडीची सीट, खाली ओढायची, हार्नेस खांद्यांवरून घेऊन अडकवायचं. होतं का आठ सेकंदांत? नाही होत. म्हणजे "साइन लागली, की उरलेलं उरकू, मग बसू" ही रीतच अशी आहे की एखाद्या दिवशी ती कोणाला तरी छताला लावणार. त्या दिवशी ती तू होतीस.

आठ सेकंदांत होतं ते एवढंच: ट्रॉलीच्या ब्रेकचं लाल पेडल दाबायचं आणि ट्रॉली तिथेच सोडायची. हातातलं गरम पाण्याचं भांडं जमिनीवर ठेवायचं. जवळच्या रिकाम्या सीटवर बसून बेल्ट लावायचा. रिकामी सीट नसेल तर सरळ गल्लीत खाली बसायचं, सीटच्या लोखंडी पायाला हाताचा विळखा घालायचा आणि दोन्ही बाजूच्या प्रवाशांना सांगायचं, माझे खांदे धरा. हे तुला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं आहे, मी नवीन काही सांगत नाही. पण ट्रेनिंगच्या खोलीत कोणी चहा मागत नसतो. भरल्या विमानात युनिफॉर्म घालून, लिपस्टिक लावून जमिनीवर फतकल मारायची लाज वाटते. खरी अडचण त्या लाजेची आहे. ती मोडायचा एकच उपाय मला सुचतो: पुढच्या वेळी थोडंसंच हलत असताना, गरज जेमतेम वाटत असताना, एकदा बसून बघ. लोक दोन सेकंद बघतात आणि मग स्वतःचा बेल्ट ओढतात.

आणि साइनची वाट बघू नकोस. त्या नोंदींप्रमाणे थरथर सुरू झाल्यापासून झटक्यापर्यंत एकोणीस सेकंद होते. तुझ्या पायांना जमिनीची थरथर साइनच्या आधी कळते. मागच्या गॅलीत तर हेलकावा पुढच्यापेक्षा जास्तच जाणवतो. क्रूने बसायला साइनची परवानगी लागत नाही.

आता चूक कोणाची. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाची 2009 ते 2022 ची नोंद आहे: त्यांच्याकडे टर्ब्युलन्समुळे, म्हणजे हवेच्या अशा हेलकाव्यांमुळे, 163 जणांना गंभीर इजा झाल्या, त्यातले 129 कर्मचारी होते. विमानात दीड-दोनशे प्रवासी आणि चार-सहा क्रू, तरी जखमींत क्रूच जास्त. त्या चौघी-पाचजणींची हाडं काही ठिसूळ नसतात. बाकीचे बसलेले असतात आणि या उभ्या असतात, एवढंच कारण. तिथल्या अपघात तपास मंडळाने 2021 मध्ये यावर मोठा अभ्यास केला. त्यातून निघालेली एक शिफारस अशी की उतरणीला लागल्यावर क्रूने आतापेक्षा लवकर बसून बेल्ट लावावा. तुझं हाड मोडलं ते नेमकं उतरणीतच.

म्हणून तुझी एकटीची चूक होती असं मी म्हणणार नाही. तुझ्या सिनियरला खलनायिका करायलाही मी तयार नाही. तिच्या डोक्यावर प्रवाशांच्या तक्रारी, विमान उतरल्यावर पुढच्या फेरीची घाई, आणि तीही कोणाची तरी ज्युनियर होतीच की. पण तुझा वाटा किती, हे विचारलं आहेस म्हणून सांगते. पाय सांगत होते बस, आणि तू ऐकलंस ते बाईचं. हा वाटा लहान आहे, पण बदलण्यासारखा तेवढाच तुझ्या हातात आहे. सिनियरशी वाद घालायचा नाही, परवानगीही मागायची नाही, फक्त कळवायचं: "मॅम, रफ होतंय, मी बसतेय." वाक्य छोटं ठेव, आणि ते बसता बसता म्हण.

तुझ्या पत्रात आणखी एक समज दडला आहे. सेवा हे काम आणि बसणं हा कामातला खंड, असा. विमानात क्रू किती असावी हे चहाच्या हिशेबाने ठरत नाही. आपल्याकडे पन्नास सीटमागे एक हा नियम आहे, म्हणून 180 सीटच्या विमानात तुम्ही चौघी. विमानाला प्रमाणपत्र मिळतं तेही निम्म्या दारांतून 90 सेकंदांत भरलेलं विमान रिकामं करता येतं हे दाखवल्यावर. उतरताना काही अघटित झालं आणि तू गल्लीत पाय मोडून पडलेली असलीस, तर तुझं दार कोण उघडणार? वीज कडाडायला लागली की तुझे वडील वावरातून निघतात. ठिबकचे दोन वॉल्व्ह उरलेत म्हणून थांबत नाहीत, आणि त्याला कोणी कामचुकार म्हणत नाही.

आता एका गोष्टीबद्दल जरा कडक बोलते. ती तुला किरकोळ वाटली आहे, म्हणून जास्तच. घरी जिन्याची गोष्ट सांगितलीस, ठीक, समजू शकते. पण गावी आल्यावर भुसावळच्या ज्या डॉक्टरांना पाय दाखवलास, तिथे वडील सोबत होते असं लिहिलं आहेस. मग केस पेपरवर काय लिहिलं गेलं? "जिन्यावरून पडून" असंच ना? तो कागद तुझ्याविरुद्ध जाऊ शकतो. विमान अपघातांच्या तपासाच्या नियमांत बोटं आणि नाक यांची साधी फ्रॅक्चर सोडली तर कोणतंही हाड मोडणं ही "गंभीर इजा" धरली जाते, आणि उड्डाणात कोणाला गंभीर इजा झाली की त्या घटनेला "अपघात" म्हणतात. प्रवाशाचं हाड आणि क्रूचं हाड असा त्यात भेद नाही. त्यामुळे तुझ्या घोट्याची नोंद कंपनीत कशी झाली आहे, हे तू लेखी विचारायला हवंस. कामावर झालेल्या इजेच्या नुकसानभरपाईच्या कायद्यातही विमानातल्या क्रूचा उल्लेख स्पष्ट आहे. उद्या घोटा पूर्ण बरा झाला नाही आणि तुला दावा करावा लागला, तर समोरचा वकील पहिला तो जिना काढेल.

तेव्हा डॉक्टरांकडे एकटी जा, खरं सांग, आणि इजेचं कारण दुरुस्त करून त्यावर तारीख आणि सही घे. विमानतळावर पहिल्यांदा पाय तपासला त्याचा कागद, एक्स-रे, त्या दिवसाचा रोस्टर, कंपनीला गेलेल्या मेल, सगळं एका फाइलमध्ये ठेव, फोटो काढून फोनमध्येही. कंपनीच्या सेफ्टी विभागाला तुझा स्वतःचा रिपोर्ट गेला नसेल तर आता पाठव, आणि त्यात "दोन रांगा उरल्यात" हे वाक्य जसंच्या तसं लिही. सिनियरचं नाव घेऊन दोष देण्याची गरज नाही. साइन लागल्यावरही सेवा चालू होती, कोणत्या टप्प्यावर, किती वेळ, तेवढं पुरे. सिंगापूरच्या त्या कंपनीने घटनेनंतर साइन लागलेली असताना गरम पेयांसोबत जेवणही देणं बंद केलं आणि क्रूनेही बसायचं ठरवलं. तसे नियम बदलतात ते असल्या कागदांवरूनच.

परत जायचं की नाही? माझं मत विचारशील तर लगेच राजीनामा देऊ नकोस, आणि लगेच उडूही नकोस. घोट्यावर तासन्‌तास उभं राहता येतं का, ट्रॉली ढकलता येते का, खाली बसून पटकन उठता येतं का, हे घरीच बघ. डॉक्टरांना "चालता येतं का" इतकंच विचारू नकोस, काम नेमकं काय असतं ते सांगून विचार. झोपेचं कंपनीच्या डॉक्टरपासून लपवू नकोस. महिना उलटूनही दचकणं कमी होत नसेल तर समुपदेशकाकडे जा. सरकारची टेलि-मानस सेवा 14416 वर मराठीतही बोलते आणि त्याला जळगावलाही जावं लागत नाही. फिटनेस मिळाला की पहिले काही दिवस छोट्या फेऱ्या आणि ओळखीची टीम मागून बघ. मिळेलच असं नाही, पण न मागता तर नक्कीच मिळत नाही. ब्रीफिंगमध्ये कॅप्टनला तीन गोष्टी विचारायची सवय लाव: हलणार कुठे, किती वेळ, आणि उतरणीत आम्ही कधी बसायचं. हे विचारणारी मुलगी भित्री वाटत नाही, काम जाणणारी वाटते.

आणि हे सगळं करूनही, प्रामाणिकपणे प्रयत्न करूनही, विमानाच्या दारात पोटात गोळा येतच राहिला, तर सोड. त्यात कमीपणा नाही. क्रूच्या ट्रेनिंग विभागात तुझ्यासारख्यांची गरज असते, तेही बघ. जळगावच्या ग्राउंडच्या नोकरीबद्दल मात्र सावध राहा. तिथे दिवसाला मोजकी विमानं, पदं थोडी. हातात ऑफर लेटर आल्याशिवाय इथला राजीनामा नाही, आणि "लावून देतो" म्हणणाऱ्याने पैसे मागितले तर तिथेच राम राम.

स्थळाबद्दल एकच. पाय मोडलेल्या अवस्थेत तो निर्णय घेऊ नकोस. त्यांना घाई असेल तर असू दे.

घरी सांग. तुझ्या वडिलांना मी ओळखत नाही, पण वादळाने उभी बाग झोपवल्यावर पुढच्या हंगामात परत लागण करणारा माणूस धोका काय असतो हे माझ्यापेक्षा चांगलं जाणतो. तू धरून चालली आहेस की त्यांनी ऐकलं की ते "सोड" म्हणणार. कदाचित म्हणतील. पण जिन्याची गोष्ट त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळली, तुझ्या मैत्रिणीकडून किंवा कंपनीच्या एखाद्या पत्रातून, तर त्यानंतर तू "मी सुरक्षित आहे" म्हटलेलं त्यांना कधीच पटणार नाही. सांगताना आईला आणि त्यांना एकत्र बसवून सांग, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे जाताना गोष्ट वाढणार नाही. सुरुवात झटक्यापासून करू नकोस. आधी पाय आता कसा आहे ते, मग खोटं का बोललीस ते, मग काय झालं ते, आणि शेवटी आता वेगळं काय करणार ते. मोबाइलवर फिरणारे छताला लटकलेल्या मास्कचे व्हिडिओ त्यांनीही बघितले असतील. त्यांना तो 163 आणि 129 चा आकडा सांग. ऐकायला भीतीदायक आहे, पण त्याचा अर्थ उलगडून सांगितलास तर उलटा परिणाम होतो: बसून बेल्ट लावला की धोका कितीतरी उतरतो, आणि बसणं तुझ्या हातात आहे. हवामान बदलामुळे टर्ब्युलन्स वाढतोय हेही ते विचारतील. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाने 2023 मध्ये दाखवलं की उत्तर अटलांटिकवर निरभ्र हवेतला तीव्र टर्ब्युलन्स 1979 ते 2020 या काळात 55 टक्क्यांनी वाढला. तो आकडा त्या समुद्रावरच्या हवेचा आहे. तुझ्या मुंबई-नागपूर फेरीला तो जसाच्या तसा लावू नकोस, आणि वडिलांनाही लावू देऊ नकोस.

तुझं पत्र वाचताना मला आपल्याकडच्या आणखी काही आई-बाप आठवले, ज्यांच्या मुली जळगाव, धुळ्याहून एअर होस्टेसच्या कोर्सला निघाल्या आहेत. त्यांना सांगते, क्लासची फी भरण्याआधी मेकअप, इंग्रजी आणि साडी यांच्या पलीकडे तिथे काय शिकवतात ते विचारा. सुरक्षेचं खरं ट्रेनिंग नोकरी लागल्यावर विमान कंपनीच देते, क्लास नाही. मुलगी ते ट्रेनिंग करून सुट्टीला आली की तिला "विमानात काय काय खायला देतात" याच्याआधी "हलायला लागलं की तू काय करतेस" हे विचारा.

आणि जे प्रवासी म्हणून हे वाचत आहेत त्यांच्यासाठी. आपल्या जळगावहून उडणारी पंख्यांची छोटी विमानं कमी उंचीवरून जातात, उन्हाळ्यात दुपारी ती हलणारच, तापलेल्या जमिनीचा तो गुण आहे. बसल्यापासून उतरेपर्यंत बेल्ट लावून ठेवा, साइन विझली तरी, जरा सैल चालेल. मांडीवर बाळ असेल तर त्याचा वेगळा बेल्ट क्रूकडून मागून घ्या. साइन लागलेली असताना चहासाठी घंटी दाबू नका, रिकामा कप पायाशी ठेवा. आणि एखादी मुलगी तुमच्या सीटजवळ गल्लीत खाली बसून "माझे खांदे धरा" म्हणाली, तर लाजू नका, घट्ट धरा.

बेटा, फिटनेसची तारीख घेण्याआधी तो केस पेपर तेवढा दुरुस्त करून घे.

तुझी मावशी